आधी प्रत्येकाचा आकडा, मग गटाचा निर्णय

वित्त आणि गुंतवणूक शिकवणाऱ्या वर्गांत गटाने केस स्टडी सोडवणं आता नित्याचं झालं आहे. चार-पाच जणांचा गट, एका कंपनीची पंधरा-वीस पानं, आठवड्याभराची मुदत आणि शेवटी प्रेझेंटेशन. या पद्धतीच्या बाजूने मी आहे, आणि ठामपणे आहे. पण ती बहुतेक ठिकाणी ज्या रीतीने राबवली जाते, त्यात गुंतवणुकीतली सर्वांत महत्त्वाची गोष्टच शिकायची राहून जाते. अपुऱ्या माहितीवर स्वतः निर्णय घ्यायचा, तो आकड्यात मांडायचा आणि समोरच्याने जाब विचारल्यावर त्यातलं काय टिकतं ते पाहायचं, ही ती गोष्ट.

केस हातात पडल्यावर गटात पहिल्या दहा मिनिटांत काय होतं ते बघा. एकाचा एक्सेलवर हात बसलेला असतो, म्हणून गुणोत्तरं त्याच्याकडे जातात. एकीला त्या उद्योगाची थोडी माहिती असते, ती बाजारपेठेचा भाग घेते. तिसरा स्लाइड बनवतो. चौथी चांगलं बोलते, म्हणून सादरीकरण तिचं. आदल्या रात्री तुकडे जोडले जातात. काम वेळेत होतं, गुणही बरे मिळतात. पण ज्याने गुणोत्तरं काढली त्याला त्यांतून निर्णय कसा निघतो हे ठाऊक नसतं, आणि जिने शिफारस वाचून दाखवली तिने रोख प्रवाहाचं पत्रक उघडलेलंच नसतं. ‘शेअर घ्यावा’ असं गट म्हणतो, पण गटातल्या कुणीही तो निर्णय घेतलेला नसतो. शेवटच्या स्लाइडवर शिफारस लागतेच, म्हणून ती तिथे आलेली असते.

हा दोष पद्धतीच्या मुळात नव्हता. हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात क्रिस्टोफर लँगडेल यांनी १८७० मध्ये खटल्यांवरून कायदा शिकवायला सुरुवात केली. न्यायालयाचा निकाल विद्यार्थ्याने स्वतः वाचून यायचं आणि वर्गात प्रश्नांना तोंड द्यायचं, अशी ती रीत. त्याच विद्यापीठाचं बिझनेस स्कूल १९०८ मध्ये सुरू झालं. १९१९ मध्ये वॉलेस डोनम तिथले डीन झाले. ते कायद्याचे पदवीधर आणि बँकेत काम केलेले. त्यांनी ही रीत व्यवसाय शिक्षणात जोमाने आणली. तिथे पुढे जो क्रम रुळला तो ध्यानात घेण्यासारखा आहे: आधी एकट्याने तयारी, मग छोट्या गटात चर्चा, मग सगळ्या वर्गासमोर वाद. आपण मधली पायरी उचलली आणि पहिली गाळली. माझ्या मते सगळी गफलत इथेच आहे.

मुळात वित्त गटात शिकायचं कशासाठी? सूत्रं तर एकट्याने पाठ होतात. पण सूत्रात घालायचे आकडे कुठून आणायचे हे सूत्र सांगत नाही, आणि गुंतवणुकीतलं सगळं अवघडपण तिथेच आहे. समजा, एखादा व्यवसाय पुढच्या वर्षी मालकांच्या हाती १०० एकक रोख देणार आहे आणि ही रक्कम दरवर्षी ठरावीक दराने कायम वाढत राहणार आहे. त्याची आजची किंमत काढायची तर अपेक्षित परताव्याच्या दरातून वाढीचा दर वजा करायचा आणि १०० ला त्या फरकाने भागायचं. परतावा १० टक्के आणि वाढ ४ टक्के धरली तर किंमत येते १,६६७. वाढ ६ टक्के धरली तर २,५००. शिवाय परतावा ९ टक्के पुरेसा आहे असं कुणी म्हणालं तर ३,३३३. दोन्ही टोकांची गृहीतकं वाजवी दिसतात. चार शहाणी माणसं त्यांतली कुठलीही धरू शकतात, आणि तेवढ्याने किंमत दुप्पट होते.

एकटा विद्यार्थी काय करतो? मधला कुठला तरी आकडा धरतो, उत्तराखाली रेघ मारतो आणि पुढे जातो. आपण किती मोठी गोष्ट गृहीत धरली हे त्याला कळतही नाही. पण त्याच्या शेजारी बसलेलीने तीच पानं वाचून ३,३३३ काढले असतील आणि त्याचे १,६६७ आले असतील, तर दोघांना थांबावंच लागतं. ६ टक्के कायम म्हणजे किती काळ? ज्या अर्थव्यवस्थेत हा व्यवसाय आहे ती स्वतः त्याहून हळू वाढत असेल, तर हा व्यवसाय कधी ना कधी त्या अर्थव्यवस्थेपेक्षाच मोठा होईल. हे शक्य आहे का? आणखी खोलात गेलं तर दुसरा प्रश्न येतो. वेगाने वाढायचं तर नफ्यातला जास्त भाग पुन्हा धंद्यात घालावा लागतो. मग वाढ ४ वरून ६ वर नेताना मालकांना मिळणारे १०० तसेच कसे राहिले? सूत्र हा प्रश्न विचारत नाही. पुस्तकात तो कुठेतरी लिहिलेला असतो, पण वाचताना डोळ्यांखालून निघून जातो. समोरच्याचं उत्तर आपल्या दुप्पट आलं की मात्र तो टाळता येत नाही. गटात शिकण्याचं मोल मला दिसतं ते हे. त्यासाठी दोघांनी आपापलं उत्तर आधी काढलेलं असावं लागतं. वाटणी करून काम केलं तर किंमत काढणारा एकच असतो, मग मतभेद होणार कुणाशी?

दुसरं कारण व्यवहाराचं आहे. मोठ्या पैशाचे बहुतेक निर्णय समित्या घेतात. बँकांच्या कर्ज समित्या, निवृत्तिवेतन निधींचे विश्वस्त, विमा कंपन्यांच्या गुंतवणूक समित्या, संचालक मंडळं. एकट्याने घेतलेले निर्णय कमी, आणि तेही कुणाला तरी पटवून द्यावे लागतात. त्यामुळे गटात निर्णय कसा बिघडतो हे जाणणं हा वित्तशिक्षणाचाच भाग मानायला हवा. ‘व्यक्तिमत्त्व विकास’ नावाच्या वेगळ्या तासाला ते ढकलून चालणार नाही.

आणि गट बिघडतात, हे शंभराहून अधिक वर्षांपासून माहीत आहे. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान यांनी दोर ओढणाऱ्या माणसांचा जोर मोजला होता. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींत माणसं वाढतील तसा दरडोई जोर कमी होताना दिसतो; आठ जण मिळून ओढू लागले की प्रत्येकाचा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. पाच जणांच्या गटात दोघंच काम करतात ही वर्गातली जुनी तक्रार आहेच. पण गुंतवणुकीच्या दृष्टीने त्याहून गंभीर मला मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग वाटतात. रेघांची लांबी डोळ्यांना स्वच्छ दिसत असताना, बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत आहेत म्हणून अनेक माणसांनी निदान काही वेळा तरी चुकीचंच उत्तर दिलं. रेघेच्या लांबीबाबत असं होत असेल, तर ‘या कंपनीचा वाढीचा दर किती धरावा’ या प्रश्नाबाबत काय होणार? तिथे तर डोळ्यांना दिसणारं उत्तरच नसतं. गटातला आत्मविश्वासाने बोलणारा पहिला माणूस ‘मला वाटतं ८ टक्के’ म्हणतो आणि पुढचा सगळा हिशोब त्या ८ च्या आसपास फिरत राहतो. अ‍ॅश यांच्याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली: खोलीत एकही माणूस बहुमतापासून फुटला, की शरण जाणाऱ्यांचं प्रमाण झपाट्याने उतरतं.

तिसरी अडचण कमी बोलली जाते. गॅरल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये दाखवलं की गट चर्चा करतात ती बहुतांशी सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींची. एकाच सदस्याकडे असलेली माहिती, निर्णय फिरवण्याइतकी मोठी असली, तरी अनेकदा बोललीच जात नाही किंवा बोलली तरी विरून जाते. केस स्टडीत याचा अर्थ असा की विक्री आणि नफ्याचे आकडे सगळ्यांनी पाहिलेले असतात, म्हणून तासभर त्यांचीच चर्चा होते. वार्षिक अहवालाच्या मागच्या पानावरची तळटीप एकीनेच वाचलेली असते. कंपनीने दुसऱ्या एका कंपनीच्या कर्जाची हमी घेतली आहे असं त्या तळटिपेत लिहिलेलं असतं. ती एकदा बोलते, कुणी दाद देत नाही, ती गप्प होते.

या अडचणींवर उपाय आहेत, आणि ते महागडे नाहीत. ओक्लाहोमा विद्यापीठात लॅरी मायकेलसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस, वर्गातली संख्या एकदम वाढल्यावर, गटाधारित अध्यापनाची एक शिस्त बसवली. तिच्यात विद्यार्थी वाचून येतो आणि आधी एकट्याने छोटी चाचणी देतो. मग तीच चाचणी गट म्हणून पुन्हा द्यायची. त्यानंतर सगळ्या गटांना एकच प्रश्न, आणि उत्तर म्हणून एकच ठोस निवड करायची. ‘एकीकडे असं, दुसरीकडे तसं’ चालत नाही. आणि सगळ्या गटांनी आपली निवड एकाच क्षणी उघड करायची.

ही शेवटची अट किरकोळ वाटेल, पण गुंतवणुकीच्या वर्गात तिचा परिणाम मोठा होतो. गट एकामागून एक प्रेझेंटेशन देतात तेव्हा तिसऱ्या गटापर्यंत शिक्षकाचा कल सगळ्यांना कळलेला असतो. चौथा गट आपली शिफारस हळूच मवाळ करतो. त्याऐवजी सहा गटांनी एकाच वेळी फळ्यावर आपापला आकडा लिहिला आणि तो १,४०० पासून ३,१०० पर्यंत पसरलेला दिसला, तर चर्चा आपोआप सुरू होते. शिक्षकाला फार बोलावं लागत नाही. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या गटाने एकमेकांना विचारायचं, की तुम्ही नेमकं काय वेगळं धरलंत.

म्हणून माझा आग्रह असा: गट बसण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने एक पान लिहून द्यावं. त्यावर निर्णय, किंमत, ती ज्यांवर उभी आहे ती दोन-तीन गृहीतकं, आणि कोणती गोष्ट खोटी ठरली तर मी मत बदलेन हे एक वाक्य. पान जमा झाल्याशिवाय चर्चा नाही. पहिल्या माणसाच्या ८ टक्क्यांमागे वाहून जाणं यामुळे थांबतं, कारण प्रत्येकाचा आकडा आधीच कागदावर असतो. फुकट बसणाराही उघडा पडतो. आणि तळटीप वाचलेल्या मुलीला ती पुन्हा मांडण्यासाठी धीर गोळा करावा लागत नाही. ती तिच्या पानावर लिहिलेली आहे, गटाला तिची दखल घ्यावीच लागते.

आता केस कोणती निवडायची हा प्रश्न. छापील केसची मोठी उणीव ही की तिचा शेवट सगळ्यांना माहीत असतो. एनरॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीची केस आज दिली तर वर्गातला प्रत्येक जण शहाणा असतो. कंपनी बुडाली हे कळल्यावर ताळेबंदातली प्रत्येक ओळ संशयास्पद दिसू लागते, आणि ‘हे तर आधीच कळायला हवं होतं’ असा भास होतो. त्या काळी काय दिसत होतं हे तपासलं तर चित्र वेगळं आहे. व्यवस्थापन शाळांच्या केस स्टडींत त्या कंपनीचं कौतुक होतं. ऑक्टोबर २००१ मध्येही तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या व्यावसायिक विश्लेषकांपैकी बहुतेकांची शिफारस खरेदीचीच होती. २ डिसेंबर २००१ रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

पण याच एनरॉनची आणखी एक कहाणी आहे आणि ती वित्त शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. १९९८ च्या मे महिन्यात कॉर्नेल विद्यापीठाच्या व्यवस्थापन शाळेतल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने वित्तीय पत्रकांच्या विश्लेषणाच्या अभ्यासक्रमात प्रकल्प म्हणून एनरॉन घेतली. त्यांच्याकडे आतली कुठलीही बातमी नव्हती, जाहीर झालेली पत्रकं होती. नफ्यात हातचलाखी होत असण्याची शक्यता मोजणारं मेसोद बेनिश यांचं सांख्यिकी प्रारूप त्यांनी त्या पत्रकांना लावलं, आणि आकडे फुगवलेले असू शकतात असा इशारा देऊन शेअर विकण्याची शिफारस केली. भाव तेव्हा ४८ डॉलरच्या आसपास होता. दिवाळखोरीच्या साडेतीन वर्षं आधीची ही गोष्ट.

या घटनेकडे पाहून गटाधारित केस स्टडीचा विजय जाहीर करावा असा मोह होतो. मला मात्र मधली दोन वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. त्या मुलांनी ‘विका’ म्हटल्यावर शेअर चढतच राहिला. ऑगस्ट २००० मध्ये तो ९० डॉलरवर पोचला होता, तोही मध्ये एका शेअरचे दोन झालेले असताना, म्हणजे जुन्या एका शेअरमागे त्याच्या दुप्पट. त्या प्रकल्पाचे गुण सहा महिन्यांनी किंवा वर्षाने बाजारभाव पाहून दिले असते, तर वर्गातल्या बहुधा सर्वोत्तम कामाला नापास शेरा मिळाला असता. आणि एनरॉन बुडाली नसती तरी त्यांचं काम तितकंच चांगलं राहिलं असतं, कारण पत्रकांतून जे दिसत होतं ते त्यांनी शोधलं, मोजलं आणि त्यावर भूमिका घेतली. गुंतवणुकीत चांगला निर्णय आणि चांगला निकाल यांची गाठ अल्प काळात फार सैल असते. हे ज्याला वर्गात कळत नाही, त्याला ते पुढे स्वतःच्या पैशाने शिकावं लागतं.

म्हणूनच केस स्टडीच्या जागी ‘शेअर बाजाराची स्पर्धा’ भरवण्याचा जो उत्साह दिसतो त्याला माझा सरळ विरोध आहे. गटांना खोटे पैसे द्यायचे, दहा आठवडे खरेदी-विक्री करू द्यायची आणि सर्वाधिक परतावा मिळवणाऱ्याला बक्षीस. मुलांना मजा येते, हे खरं. पण या खेळाचे नियम काय शिकवतात ते पाहा. पहिल्या क्रमांकालाच बक्षीस आहे आणि पैसे बुडाले तर काहीच जात नाही. मग सगळी रक्कम सर्वांत अस्थिर अशा एका शेअरवर लावणं हीच शहाणपणाची चाल ठरते. जोखीम वाटून घेणारा, विचारपूर्वक पैसे गुंतवणारा गट निकालाच्या यादीत मधे कुठेतरी राहणार, हे जवळजवळ ठरलेलंच. जिंकणारा गट टाळ्यांसह असा समज घेऊन बाहेर पडतो की आपल्याला बाजार कळतो. त्यांच्या हातून झालेलं नुकसान काल्पनिक असतं, पण ही सवय खरी असते. अशी स्पर्धा ठेवायचीच असेल तर गुण परताव्याला न देता दर आठवड्याच्या लेखी कारणांना द्यावेत. पण मग ती केस स्टडीच झाली.

शेवट माहीत असण्याच्या अडचणीवर एक तोडगा म्हणजे केस एका तारखेला गोठवणं. लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या अमेरिकी गुंतवणूक निधीचं उदाहरण घेऊ. निधीचं नाव लपवून वर्गाला फक्त १९९७ अखेरपर्यंतचे कागद द्यायचे. १९९४ मध्ये सुरू झालेला निधी. १९९५ आणि १९९६ मध्ये शुल्क वजा जाता ४० टक्क्यांहून अधिक परतावा, १९९७ मध्ये सुमारे १७. भागीदारांमध्ये रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स, दोघांना १९९७ चं अर्थशास्त्राचं नोबेल. डिसेंबरमध्ये निधीने गुंतवणूकदारांना २.७ अब्ज डॉलर परत केले, कारण इतक्या भांडवलाची गरज नाही असं व्यवस्थापकांचं म्हणणं. गटांपुढे प्रश्न एकच: तुमचे पैसे परत केले जात आहेत, ते तिथेच राहावेत म्हणून भांडाल, की आनंदाने घ्याल?

बहुतेक गट परताव्याच्या आकड्यांत आणि नावांच्या वलयात गुंततील अशी माझी अटकळ आहे. पण कुणीतरी एक साधा भागाकार करेल. १९९८ च्या सुरुवातीला भांडवल सुमारे ४.७ अब्ज डॉलर आणि कर्ज सुमारे १२५ अब्ज. म्हणजे जवळपास १३० अब्जांच्या मालमत्तेखाली ४.७ अब्जांचा आधार. मालमत्तेची किंमत चार टक्क्यांहूनही कमी घसरली तरी सगळं भांडवल संपतं. हा आकडा टेबलावर आला की चर्चेचा नूर पालटतो. प्रत्येक सौद्याची जोखीम लहान आहे आणि सौदे वेगवेगळ्या बाजारांत आहेत, असं कुणी म्हणेल, आणि कागदावर ते बरोबरही असेल. मग खरा प्रश्न येतो: सगळे घाबरून एकाच वेळी रोख पैशाकडे धावले तर हे वेगवेगळे बाजार वेगवेगळे राहतील का? १७ ऑगस्ट १९९८ ला रशियाने रूबलचं अवमूल्यन केलं आणि देशांतर्गत कर्जाची फेड थांबवली. त्यानंतर जे झालं ते दुसऱ्या तासाला सांगायचं: २३ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने चौदा वित्तसंस्थांनी सुमारे ३.६ अब्ज डॉलर घालून तो निधी ताब्यात घेतला. पण त्याआधी प्रत्येकाचं पान जमा झालेलं असलं पाहिजे. स्वतःच्या अक्षरात ‘पैसे तिथेच ठेवावेत’ लिहिलेलं असताना ही हकिकत ऐकणं आणि नुसती हकिकत ऐकणं यांत फार अंतर आहे.

सगळ्या केस कंपन्यांच्या आणि निधींच्या असाव्यात असंही नाही. बहुतेक विद्यार्थी पुढे निधी चालवणार नाहीत. स्वतःचे पैसे मात्र सगळेच सांभाळतील. एका कुटुंबाची केस द्यावी: दोन मिळकती, एक मोठं कर्ज, अवलंबून असलेले वडीलधारे, निवृत्तीला तीस वर्षं. जादा पैसे आले तर कर्ज आधी फेडायचं की गुंतवायचं? यात गणिताचा भाग थोडा आहे. १०० एकक तीस वर्षं ८ टक्क्यांनी वाढले तर सुमारे १,००६ होतात. दरवर्षी १ टक्का शुल्क जाऊन ७ टक्क्यांनी वाढले तर ७६१. एक टक्का म्हणून ज्याकडे कुणी पाहत नाही ते शेवटच्या रकमेचा जवळजवळ चौथा हिस्सा नेतं. हे एकट्यालाही काढता येतं. पण कर्ज डोक्यावर असताना कुणाला झोप लागते आणि कुणाला लागत नाही हे गटातच उघड होतं. तिथे दोन बरोबर उत्तरं असू शकतात हे समजणं, ही जोखमीबद्दल शिकण्यासारखी फार मोठी गोष्ट आहे.

या सगळ्याला विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. नवख्या विद्यार्थ्याच्या हाती थेट केस दिली तर तो शिकत नाही, मतं देतो. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये हेच बजावलं होतं: पाया नसलेल्याला मार्गदर्शनाशिवाय सोडणं ही शिकवण्याची वाईट रीत आहे. ताळेबंद, रोख प्रवाह, चक्रवाढ, आजची किंमत हे आधी फळ्यावर, सोडवून दाखवलेल्या उदाहरणांतून, नीट शिकवलंच पाहिजे. केस ही त्यानंतरची पायरी आहे. ज्या अभ्यासक्रमात पहिल्याच आठवड्यात गट पाडून केस वाटली जाते, तिथे शिक्षकाने आपलं काम विद्यार्थ्यांवर टाकलेलं असतं.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. वित्तशिक्षणाने माणसाच्या वागण्यात फरक पडतो का? डॅनियल फर्नांडिस, जॉन लिंच आणि रिचर्ड नेटमायर यांनी २०१४ मध्ये २०१ अभ्यास एकत्र तपासले. वित्तीय वर्तनातल्या फरकापैकी अशा शिक्षणामुळे पडणारा वाटा त्यांना अवघा ०.१ टक्का दिसला, आणि परिणाम काळाबरोबर विरतो असंही दिसलं. २०२२ मध्ये टिम कायझर आणि सहकाऱ्यांनी ७६ यादृच्छिक प्रयोग एकत्र करून बरंच आशादायक चित्र मांडलं. दोन्ही वाचून माझा निष्कर्ष असा की नुसती माहिती देऊन फारसं काही होत नाही. शिकवणं प्रत्यक्ष निर्णयाच्या जितकं जवळ असेल तितकं ते उरतं. गटाने केलेल्या केस स्टडीने आयुष्यभराचं वर्तन बदलतं असा दावा मी करणार नाही. पण वर्गात निर्णयाच्या इतक्या जवळ नेणारी दुसरी रीत मला दिसत नाही.

तिसरा आक्षेप वेळेचा, आणि तो शिक्षकांकडून येतो. प्रत्येकाचं पान वाचायचं, गटाचा निर्णय वाचायचा, शेवट लपवून केस तयार करायची. वीस केसच्या अभ्यासक्रमात हे जमणार कसं? नाही जमणार. म्हणून वीस केस नकोत. सत्रात पाच-सहा पुरे, पण त्या पूर्ण कराव्यात. घाईने उरकलेल्या वीस केसमधून विद्यार्थी स्लाइड बनवायला शिकतो, आणि ते त्याला आधीच येत असतं.

गुणांची विभागणी मात्र विद्यापीठांना आणि संस्थांना बदलावी लागेल, एकट्या शिक्षकाच्या हाती ते नाही. आज गटाचे गुण सगळ्यांना सारखे वाटले जातात आणि त्यातला बराच भाग सादरीकरणाला जातो. माझी मागणी अशी आहे की निम्मे गुण चर्चेआधीच्या वैयक्तिक पानाला असावेत. उरलेल्यांपैकी मोठा भाग गटाच्या लेखी निर्णयाला असावा, आणि त्यात गटाने कुणाचं कोणतं गृहीतक का सोडलं आणि का स्वीकारलं याचा हिशोब असावा. सादरीकरणाला थोडेच. गटाचा निर्णय नंतर बाजारात खरा ठरला की खोटा, याला शून्य.

आणि ज्याला शेवटपर्यंत गटाचा निर्णय पटला नाही, त्याला आपलं वेगळं मत अर्ध्या पानात जोडायची मुभा असावी, न्यायालयात अल्पमतातले न्यायाधीश जोडतात तसं. त्याबद्दल त्याचे गुण कापले जाऊ नयेत. त्या अर्ध्या पानात कारणं आणि आकडे असतील तर ते वाढावेत.